कॅमेऱ्यात फिल्म भरताना

माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली म्हणजे कधी कधी तिच्यातून कातडी पेटीतला एखादा कॅमेरा निघतो. आजोबांनी नोकरीत असताना हौसेने घेतलेला, नाहीतर काकांनी मुंबईहून आणलेला. कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून, कुणी मुंबईच्या चोरबाजारातून असा कॅमेरा हल्ली मुद्दाम विकतही आणतात. मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो निघत असताना फिल्मचा कॅमेरा कशाला हवा, असे कुणी विचारील. पण शाळेत प्रकाशाचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकाला भिंग, पडदा आणि फिल्म डोळ्यांना दाखवता येतात, हाताने फिरवून समजावता येतात, हे काही थोडे नाही. शिवाय ज्याला नाद लागला त्याला लागला.

अशा कॅमेऱ्यावर पहिला रोल काढणाऱ्यांची एक तक्रार मात्र फार ठरलेली असते. समजा, शाळेचे स्नेहसंमेलन आहे. गावातले सगळ्यांत वृद्ध गुरुजी व्यासपीठावर बसले आहेत, मुलांची नाटके झाली, बक्षिसे वाटली. नव्या हौशी शिक्षकाने हे सगळे जुन्या कॅमेऱ्यावर टिपले. प्रत्येक फोटोला खटका वाजला, लिव्हर फिरली, आकडा एक-एकाने पुढे सरकून छत्तीसवर आला. रोल धुवायला शहरात पाठवला. आठ दिवसांनी निरोप आला, की सगळी फिल्म कोरी आहे, एकही चित्र नाही. मग कॅमेरा बिघडला, विकणाऱ्याने फसवले, धुणाऱ्याने रोल खराब केला, अशी ज्याची त्याची समजूत होते. प्रत्यक्षात पुष्कळदा यांतले काहीच झालेले नसते. फिल्म डबीतून पुढे सरकलेलीच नसते. तो समारंभ काही पुन्हा होत नाही, आणि पुढच्या संमेलनाला ते गुरुजी असतीलच असे कोण सांगणार? रोलही आता स्वस्त राहिलेला नाही. म्हणून फिल्म भरण्याचे हे लहानसे काम नीट समजून घेऊ.

आधी आत काय चालते ते पाहू. पस्तीस मिलिमीटरची फिल्म एका पत्र्याच्या डबीत गुंडाळलेली असते. डबीच्या फटीला आतून काळी मखमल लावलेली असते, ती फिल्मला बाहेर येऊ देते पण उजेडाला आत जाऊ देत नाही. बाहेर जो अर्ध्या रुंदीचा तुकडा लोंबतो त्याला आपण जीभ म्हणू. कॅमेऱ्याची पाठ उघडून आपल्याकडे धरली, तर डबी डाव्या खोबणीत बसते. तिथून फिल्म मधल्या चौकटीवरून जाते, दातेरी चक्रावरून पुढे सरकते आणि उजवीकडच्या रिळावर गुंडाळली जाते. फिल्मच्या दोन्ही कडांना भोके असतात, त्यांत चक्राचे दात अडकतात. सायकलची साखळी दातेरी चक्रावर कशी बसते, तसेच. एका चित्राला बरोबर आठ भोके लागतात. दोन भोकांमधले अंतर ४.७५ मिलिमीटर, म्हणजे आठ भोकांचे ३८ मिलिमीटर झाले. त्यांतले ३६ चित्राचे आणि २ मधल्या कोऱ्या पट्टीचे. शिक्षकांना इथे आयताच एक गुणाकार मिळतो. ३६ चित्रांना किती फिल्म लागेल? १३६८ मिलिमीटर. त्यात सुरुवातीची जीभ आणि शेवटचे टोक धरले, म्हणजे सगळी फिल्म साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर भरते.

आता खरी गोम ऐका. फोटो मोजणारी जी चकती कॅमेऱ्याच्या डोक्यावर असते, ती बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्म मोजतच नाही. लिव्हर किती वेळा फिरली, तेवढेच ती मोजते. कॅमेरा रिकामा ठेवून लिव्हर फिरवा, आकडा खुशाल पुढे जाईल. जिभेचे टोक उजव्या रिळातून निसटले असेल, तर रीळ आपले मोकळेच फिरते, शटर उघडते, मिटते, आकडा वाढतो, आणि फिल्म जागची हलत नाही. छत्तीसही फोटो त्याच एका तुकड्यावर पडतात. तो तुकडा फिल्म भरताना आधीच उजेडात काळा झालेला असतो, त्यामुळे तिथेही काही उरत नाही.

मग खरे कुणाला विचारायचे? डाव्या हाताला वर जी खुंटी असते तिला. रोल संपल्यावर फिल्म उलट गुंडाळून डबीत घ्यायची ती ही रिवाइंडची खुंटी. तिचा काटा डबीच्या मधल्या दांड्यात अडकलेला असतो. डबीतून फिल्म खरोखर बाहेर ओढली जात असेल, तर तो दांडा फिरणारच, आणि त्याच्याबरोबर वरची खुंटीही फिरणार. म्हणून लिव्हर फिरवताना नजर आकड्यावर नको, खुंटीवर हवी. खुंटीवर उलट गुंडाळण्यासाठी बाण काढलेला असतो, त्याच्या विरुद्ध दिशेला ती फिरली पाहिजे. रोलच्या सुरुवातीला ती थोडीच फिरते, कारण डबीतला गुंडा तेव्हा जाड असतो. शेवटी गुंडा बारीक होतो, तशी ती जास्त फिरू लागते. विहिरीच्या रहाटावर दोर कमी उरला की रहाट कसा भराभर फिरतो, तसेच हे.

ही अडचण नवशिक्यांचीच आहे असे समजू नका. कॅमेरे करणारे कारखानेही तिच्याशी पुष्कळ वर्षे झगडत होते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली अमेरिकेत कोडॅक कॅमेरा काढला, तेव्हा फिल्म भरण्याचे काम गिऱ्हाइकाच्या हातात दिलेच नव्हते. शंभर चित्रांची फिल्म कारखान्यातच भरून मिळे, आणि ती संपली की अख्खा कॅमेरा परत पाठवायचा. पस्तीस मिलिमीटरची आज आपण वापरतो ती तयार डबी १९३४ साली आली. त्याआधी लायकासारख्या कॅमेऱ्यांना अंधारात फिल्म भरलेल्या डब्या वापराव्या लागत. पुढे १९६३ साली कोडॅकने इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यासाठी नुसते आत टाकायचे बंद खोके काढले, ते मुख्यतः लोक फिल्म भरायला कंटाळतात म्हणूनच. पण जुन्या हाती चालवायच्या कॅमेऱ्यांत हे काम आपल्यालाच करायचे असते.

वापरलेला कॅमेरा हाती आला की लगेच रोल भरू नका. पहिली गोष्ट, आत आधीची फिल्म आहे का ते बघा. रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ती मोकळी फिरत राहिली तर आत बहुधा फिल्म नाही. फिरता फिरता अडली, ताण लागला, तर फिल्म आहे. कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत कुणाचे तरी अर्धवट राहिलेले फोटो वीस-वीस वर्षे पडून असतात. पाठ उघडून ते उजेडात घालवू नका, फिल्म गुंडाळून डबीत घ्या आणि मग उघडा.

बहुतेक कॅमेऱ्यांची पाठ ही खुंटीच वर ओढली की उघडते. काहींना बाजूला खटका असतो. पाठ उघडली की कापडी किंवा पातळ पत्र्याचा पडदा दिसेल, तो शटर. त्याला बोट लावायचे नाही, फुंकरही मारायची नाही, कारण थुंकीचा बारीक शिंतोडा तिथे डाग होऊन बसतो. दातेरी चक्राजवळ आणि उजव्या रिळाच्या फटीत आधीच्या फिल्मचा फाटका तुकडा अडकलेला आहे का ते नीट पाहा. नखाएवढा तुकडासुद्धा नव्या फिल्मला वाट देत नाही. चिमट्याने तो काढा. पाठीच्या आतल्या बाजूला गुळगुळीत काळी दाबपट्टी असते. ती फिल्मला सपाट धरते. तिच्यावर वाळूचा एक कण जरी राहिला, तरी छत्तीसही चित्रांवर एका सरळ रेषेत ओरखडा येतो. आपल्याकडे वाटेवरची धूळ काय कमी असते? मऊ कोरड्या ब्रशाने पट्टी आणि खोबणी पुसून घ्या.

पाठीच्या कडेच्या चरांत काळा स्पंज चिकटवलेला असतो, तोही बोटाने तपासा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी कॅमेऱ्यांत हा स्पंज आता हमखास विरघळून डांबरासारखा चिकट झालेला आढळतो. तो उजेड अडवत नाही, उलट त्याचे कण आत पडून फिल्मला आणि शटरला चिकटतात. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये जरा बुडवून तो खरवडून काढायचा, आणि चर कोरडा झाला की त्यात काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवायचा. धागा इतका जाड नको की पाठ मिटेना. कॅमेरा दुरुस्त करणारा गावात मिळत नसेल, तर एवढे काम घरी होण्यासारखे आहे. शटर खोलण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. काही छोट्या कॅमेऱ्यांत शटर ताणण्याचे काम लिव्हर करीत नाही, फिल्मच करते. फिल्मने दातेरी चक्र फिरवले तर शटर ताणले जाते. फोइग्टलेंडरचा व्हिटो बी हा असाच कॅमेरा. रिकाम्या स्थितीत त्याची कळ दाबली तर काहीच होत नाही, आणि माणूस तो बिघडला म्हणून परत देतो. पाठ उघडून दातेरी चक्र बोटाने फिरवून पाहावे, मग शटर बोलू लागते.

आता प्रत्यक्ष भरणी. उन्हात उभे राहून भरू नका. झाडाखाली, ओसरीत, नाहीतर निदान सूर्याकडे पाठ करून आपल्या सावलीत भरा. खुंटी वर ओढा, डबी डाव्या खोबणीत ठेवा. डबीच्या एका टोकाला बोंडासारखा भाग बाहेर आलेला असतो, तो बहुतेक कॅमेऱ्यांत खाली येतो. मग खुंटी जरा फिरवत-फिरवत पूर्ण खाली दाबा. ती अर्धवट वर राहिली तर काटा दांड्यात बसत नाही, आणि पुढे ही खुंटी तुम्हाला खरे सांगणार नाही. दार नीट न लागलेल्या घरासारखी तिची गत होते, दिसायला बंद, पण कडी नाही.

जीभ ओढून उजव्या रिळापर्यंत आणा. फार लांब ओढू नका, जितकी पोचायला लागते तितकीच. टोक रिळाच्या फटीत सारा. फटीजवळ लहानसा दात असतो, त्यात जिभेचे एखादे भोक अडकले पाहिजे. टोक फटीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावू देऊ नका, ते पुढे घासत राहते. आता पाठ उघडीच ठेवून लिव्हर सावकाश फिरवा, बोटाने फिल्म चक्रावर हलकी दाबून धरा. लिव्हर अडली तर शटरची कळ दाबा आणि पुन्हा फिरवा. किती फिरवायचे? जीभ अर्ध्या रुंदीची आहे, तिच्या एकाच कडेला भोके आहेत. पूर्ण रुंदीची फिल्म चक्रावर येईपर्यंत, म्हणजे वरच्या आणि खालच्या दोन्ही ओळींची भोके दोन्ही चक्रांच्या दातांत बसलेली डोळ्यांना दिसेपर्यंत फिरवायचे. एवढे करताना एखादे चित्र कमी मिळाले तर मिळू द्या. छत्तीसचे पस्तीस झाले म्हणून काय बिघडले? फिल्म वाचवायची म्हणून घाईने पाठ मिटणारा माणूसच पुढे सगळी फिल्म कोरी घेऊन बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे एक शंका पुष्कळांना येते. काही कॅमेऱ्यांत उजवे रीळ आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेने फिरते, आणि फिल्म रिळाच्या खालून जाऊन उलटी गुंडाळली जाते. निकॉनचा एफएम, पेंटॅक्सचा के-१००० हे असे आहेत. यात बिघाड काही नाही. रीळ कोणत्या बाजूला फिरते ते रिकाम्या कॅमेऱ्यात आधी पाहून ठेवावे आणि जीभ त्या बेताने सारावी. कॅननच्या काही कॅमेऱ्यांत तर फटच नसते, जिभेचे टोक लाल खुणेपर्यंत ठेवायचे आणि पाठ मिटायची, बाकी काम यंत्र करते. तिथे टोक खुणेच्या पुढे गेले तर दुमडते आणि अलीकडे राहिले तर पकडले जात नाही.

पाठ मिटली. आता खुंटीची घडीची दांडी उघडून बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. डबीतला सैल गुंडा आवळला जाईल आणि हाताला ताण लागेल. ताण लागला की थांबा. मग लिव्हर फिरवा, कळ दाबा. खुंटी उलट फिरली का? पुन्हा लिव्हर, पुन्हा कळ. फिरली का? दोन-तीनदा फिरली की निर्धास्त व्हा. याच दोन-तीन खटक्यांत उजेड लागलेली फिल्म पुढे जाते आणि मोजणीची चकती एकवर येते. खुंटी फिरली नाही, तर घाबरू नका. एकदा पुन्हा गुंडा आवळून लिव्हर फिरवून पाहा. तरीही ती ढिम्म राहिली तर सावलीत जाऊन पाठ उघडा आणि पहिल्यापासून भरा. या वेळी उघडण्यात जीभ आणि फार तर एक-दोन चित्रांची फिल्म जाईल. पंधरा फोटो काढल्यावर शंका आली तर निर्णय अवघड होतो. म्हणून ही परीक्षा समारंभाच्या आधी घरी करायची, व्यासपीठासमोर उभे राहून नव्हे. रोल भरतानाच डबीवर लिहिलेला फिल्मचा वेग, १०० किंवा ४००, कॅमेऱ्यावरच्या चकतीवर लावून टाकावा. १९८३ नंतर डबीवर जे चौकटीचौकटींचे डीएक्स चिन्ह आले, ते जुन्या हाती कॅमेऱ्याला वाचता येत नाही.

रोल चालू असताना लिव्हर मध्येच अडली तर काय करावे? जोर लावू नये, हे पहिले. आकडा छत्तीसच्या आसपास असेल तर फिल्म संपली आहे, तिचे टोक डबीच्या दांड्याला जोडलेले असते आणि तेच ताणले जात आहे. एखादे जादा चित्र काढायच्या हावेपोटी जोर केला, की भोके फाटतात किंवा फिल्म दांड्यापासून तुटते, आणि मग तुटलेली फिल्म डबीत परत येऊ शकत नाही. आकडा दहा-बारावर असताना लिव्हर अडली, तर आधी शटरची कळ दाबून पाहा. शटर ताणलेलेच असेल तर लिव्हर फिरणार नाही, ही तिची रीतच आहे. काही कॅमेऱ्यांचे शटर बॅटरीवर चालते, तिथे बॅटरी संपली तर सगळेच थांबते. यांतले काही नसेल तर फिल्म डबीत अडकली असेल. गुंडा सैल असला की पावसाळ्यात, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, फिल्मचे थर एकमेकांना चिकटू शकतात. उलट आकडा एकोणचाळीस, चाळीस असा जात राहिला आणि लिव्हर मात्र लोण्यासारखी फिरते आहे, तर मनाशी समजून जा, की फिल्म हलत नाही.

फिल्म तुटली किंवा भोके फाटली, तर कॅमेरा उजेडात उघडू नका. काढलेली चित्रे अजून उजव्या रिळावर शाबूत आहेत. रात्री खोलीचे दार-खिडक्या लावून, दिवा मालवून, वर जाड घोंगडी पांघरून बसा. मोबाइलही खोलीबाहेर ठेवा, त्याचा पडदा उजळला की संपले. हातानेच फिल्म काढून काळ्या कागदात गुंडाळायची, काळ्या डब्यात घालायची आणि डब्याला चिकटपट्टी लावून वर 'उजेडात उघडू नये' असे ठळक लिहायचे. धुणाऱ्याला तोंडीही सांगा.

रोल नीट संपला असला तरी शेवटची पायरी उरतेच. कॅमेऱ्याच्या बुडाला एक बारीक बटण असते. ते दाबल्यावर दातेरी चक्र मोकळे होते. मगच खुंटी बाणाच्या दिशेने फिरवायची. बटण न दाबता फिरवले तर दात भोके फाडत जातात. फिरवताना हाताला एकसारखा हलका ताण जाणवतो, तोच फिल्म परत येत असल्याचा पुरावा. शेवटी एक 'टक्' असा आवाज येतो, जीभ रिळातून सुटते आणि खुंटी एकदम हलकी होते. तोवर पाठ उघडायची नाही. हिवाळ्यात, विदर्भ-मराठवाड्याकडच्या कोरड्या हवेत, भराभरा गुंडाळू नका. फिल्म घासून वीज तयार होते, तिची बारीक ठिणगी पडते आणि चित्रावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. सावकाश गुंडाळले की हे टळते.

आता जुन्या घरांतून हटकून सापडणाऱ्या दुसऱ्या जातीकडे वळू. आग्फा क्लिक थ्री हा साधा पेटी-कॅमेरा आपल्याकडे पुष्कळ घरांत होता. त्यात १२० नंबरचा रुंद रोल लागतो आणि बारा चौकोनी चित्रे येतात. १२० चा रोल १९०१ सालचा, म्हणजे पस्तीसच्या डबीपेक्षा कितीतरी वडील. त्याला डबी नाही, भोके नाहीत. फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो, तोच उजेड अडवतो. एका बाजूचे भरलेले रीळ संपत जाते आणि दुसऱ्या बाजूचे रिकामे रीळ भरत जाते. त्यामुळे रिकामे रीळ कॅमेऱ्यात असलेच पाहिजे. वापरलेल्या कॅमेऱ्यात पहिली अडचण हीच, की ते रीळ हरवलेले असते. फिल्म धुणाऱ्याकडे अशी रिकामी रिळे साठलेली असतात, एखादे मागून घ्यावे. कोडॅकच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना ६२० नंबरचा रोल लागे. फिल्म तीच, पण रीळ बारीक. १२० चे रीळ तिथे दाबून बसवू नये.

कागदाचे निमुळते टोक रिकाम्या रिळाच्या फटीत सरळ घालायचे. जरा तिरके गेले तर कागद एका कडेला चढत जातो, कड चुरगळते आणि तिथून उजेड शिरतो. कागदावर बाण दिसेपर्यंत एक-दोन वळसे घेऊन पाठ मिटायची आणि मागच्या लाल खिडकीत पहिला आकडा येईपर्यंत फिरवायचे. रोल भरताना आणि काढताना सैल पडू देऊ नका, अंगठ्याने धरून ठेवा. सैल रोलच्या कडा उजेडाने खराब होतात. ही लाल खिडकी पूर्वीच्या फिल्मला निर्धोक होती, कारण त्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. आजच्या फिल्मला तो दिसतो. म्हणून आकडा पाहायचा तेवढा सावलीत पाहून खिडकीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा पुन्हा लावावा.

सोव्हिएत बनावटीचे फेड आणि झोर्की, तसेच जुने लायका, यांची तऱ्हा आणखी निराळी. पहिल्या फेड-झोर्कीला आणि जुन्या लायकाला पाठ उघडतच नाही, बूड काढून खालून फिल्म सारावी लागते. आजच्या डबीची जीभ त्यांना आखूड पडते. ती कात्रीने साधारण दहा सेंटिमीटर लांब करून घ्यावी, आणि कापताना भोकाच्या मधून कात्री जाऊ देऊ नये. नाहीतर पूर्ण रुंदीची फिल्म शटरपाशी अडते आणि भोकांचे तुकडे आत पडतात. मागाहूनच्या फेड-२ सारख्या कॅमेऱ्यांची पाठ निघते, पण उजवे रीळ सुटे असते. विकत घेताना ते आहे का, हे विचारायला विसरू नका.

कोरा रोल परत आला, तर तो फेकून न देता वाचायला शिका. फिल्मच्या कडेला कारखान्याने छापलेली नावे आणि चित्रांचे आकडे असतात. ते स्पष्ट दिसतात, पण मध्ये चित्रे नाहीत, म्हणजे धुणाऱ्याचे काम ठीक आहे, फिल्मला कॅमेऱ्यात उजेड मिळालेला नाही. एक तर ती सरकली नाही, नाहीतर शटर उघडले नाही. कडेचे आकडेही नसतील, सगळीच काचेसारखी पारदर्शक असेल, तर धुण्यात चूक आहे. सगळी निगेटिव्ह काळी कुळकुळीत असेल तर फिल्मला उजेड लागला. चित्रे आहेत, पण कडेकडून काळे पट्टे आत आले आहेत, तर पाठीच्या चरातला स्पंज गेला असे समजा. चित्रे एकमेकांवर चढली असतील, कधी जवळ, कधी दूर पडली असतील, तर फिल्म सरकते पण मापाने सरकत नाही. हा दोष यंत्रातला, तो कारागिराकडेच न्यावा.

हे शेवटचे घरीही तपासता येते, आणि वर्गात करून दाखवण्याजोगे आहे. एखाद्या स्टुडिओतून मुदत संपलेला किंवा वाया गेलेला रोल मिळवा. पाठ उघडी ठेवून तो भरा. चौकटीच्या डाव्या कडेशी फिल्मवर पेनाने ठिपका द्या, लिव्हर फिरवा, कळ दाबा, पुन्हा त्याच जागी ठिपका द्या. असे आठ-दहा वेळा करून फिल्म बाहेर काढा आणि ठिपक्यांमधली भोके मुलांना मोजायला सांगा. प्रत्येक वेळी आठ आली तर यंत्र ठीक आहे. मग त्याच रोलवर दहा-पंधरा वेळा भरण्याचा सराव करा, पुढे-पुढे डोळे मिटून. लिव्हरला आणि खुंटीला हात लावून फिल्म चालते की नाही हे बोटांना कळू लागले, की समारंभात नजर फोटोवर ठेवता येते.

काढून झालेला रोल डबीत घेताना जीभ बाहेर ठेवू नका, पूर्ण आत जाऊ द्या. ती बाहेर राहिली तर तो रोल नवा समजून पुन्हा भरला जातो आणि संमेलनाच्या फोटोंवर सहलीचे फोटो चढतात. काही धुणारे जीभ बाहेर ठेवायला सांगतात, तसे असेल तर तिचे टोक दुमडून ठेवा. डबीवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख आणि प्रसंग लिहा, रोल त्याच्या डब्यात घाला, आणि धुवायला पाठवीपर्यंत तो मोटारीच्या काचेमागे किंवा पत्र्याच्या छपराखाली तापू देऊ नका.